जावईबापू आणि कोड सतरा

सोमवार, ३ फेब्रुवारी

यंत्रांच्या नोंदी ठेवणं हे माझं काम आहे. माणसांच्या नोंदी ठेवायला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून ही वही. प्रोबेशनचे सहा महिने संपले की बंद करेन.

परिस्थिती अशी. कंपनी लिफ्टच्या देखभालीची. दोनशे बारा लिफ्ट, नऊ मेकॅनिक, एक मालक, फोन घेणाऱ्या एक बाई आणि मी. नऊ जणांत सर्वांत जुने माझे बाबा. सव्वीस वर्षं झाली. इथे त्यांना सगळे मास्तर म्हणतात. घरी आमचा करार झाला आहे: ऑफिसात नातं दाखवायचं नाही, घरी ऑफिसचं बोलायचं नाही. बाबा करार पाळतात, पण मला 'मॅडम' म्हणताना इतके खुश होतात की तो मोडल्यातच जमा आहे.

काम असं. प्रत्येक लिफ्टवर एक छोटा डबा बसवला आहे. तो हादरे मोजतो, आवाज मोजतो, दार उघडायला किती वेळ लागला ते मोजतो. सोबत मेकॅनिकांनी अकरा वर्षांत भरलेल्या जॉबशीट: ३१,४६०. या दोन्हींवरून प्रोग्रामने शिकायचं आणि कोणत्या लिफ्टला काय होणार आहे ते आधीच सांगायचं. मग दर महिन्याची फेरी बंद. प्रोग्राम पाठवेल तिथेच माणूस जाणार. मालकांच्या मते नऊ जणांचं काम तिघांत होईल.

उरलेल्या सहांत बाबा असण्याची शक्यता ६६.७ टक्के. नुसतं गणित आहे, म्हणून लिहून ठेवलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रोग्रामच्या कॉम्प्युटरसाठी मालकांनी एसी बसवला. मेकॅनिकांच्या खोलीतला पंखा गेल्या वर्षापासून बंद आहे. लंबू (सहा फूट दोन इंच, दुसरं काही कारण नाही) दारातून डोकावला, हवा घेऊन परत गेला आणि त्याने खोलीत जाहीर केलं:

"काम काही नाही, बसायला गार खोली, आणि समोर कुणी मोठ्याने बोलायचं नाही. अरे, हे तर जावईबापू आलेत!"

संध्याकाळपर्यंत नाव पक्कं झालं. बाबा मला येऊन विचारतात, "मॅडम, जावईबापूंची झोप झाली का? नाही, आम्ही निघावं म्हणतो." मालकांना वाटतं, लोकांनी प्रेमाने ठेवलेलं नाव आहे. मी दुरुस्त केलं नाही.

फोनबाईंनी आज बाबांना डबा दिला. "जास्त झालं होतं," म्हणाल्या. या आठवड्यात तिसऱ्यांदा जास्त झालं. बाईंचा अंदाज सतत एकाच दिशेने चुकतो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पहिली पूर्ण चाचणी. प्रोग्रामला न दाखवलेल्या तीन हजार जॉबशीट काढून ठेवल्या होत्या. तिथे कोणतं काम करावं लागलं असेल ते ओळखायला सांगितलं. उत्तर बरोबर: ९४ टक्के.

मालकांनी केक आणला. त्यावर '९४' लिहून घेतलं होतं. लंबूने नऊचा आकडा खाल्ला आणि म्हणाला, "मॅडम, आता चारच टक्के राहिले, सांभाळून."

एक निरीक्षण: जॉबशीटवर बेचाळीस कोड आहेत, पण कोड सतराच फार दिसतो. 'दाराची खाच साफ केली.' मालकांना विचारलं. ते म्हणाले, "लिफ्टमध्ये दारच बिघडतं गं. लोक खाचेत काय वाट्टेल ते टाकतात." पटण्यासारखं आहे. बाबांना विचारता आलं असतं, पण करार.

मला आनंद झाला. किती ते मोजलेलं नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मालक म्हणाले, सहा जण कोण, ते मी ठरवलं तर वाईटपणा येतो, तेव्हा जावईबापूंनाच ठरवू दे. म्हणजे मी ठरवायचं, पण दार लावून. जॉबशीटवर प्रत्येक कामाला लागलेला वेळ असतो. त्यावरून क्रम लावला.

लंबू दुसरा. सरासरी बावीस मिनिटं.

नवव्या क्रमांकावर बाबा. सत्तावन्न मिनिटं. एक खाच साफ करायला सत्तावन्न मिनिटं.

दोनदा तपासलं. तिसऱ्यांदा तपासायची तांत्रिक गरज नव्हती, तरी तपासलं. यादी अजून मालकांना दिलेली नाही. म्हटलं, आधी महिनाभर प्रत्यक्ष चाचणी होऊ द्या.

जेवताना बाबांनी विचारलं, "काय, आज गप्प?"

"काही नाही. तुम्ही काम फार सावकाश करता का हो?"

"मी? छे. का?"

"असंच."

"करार," बाबा म्हणाले आणि त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली. मी मागितली नव्हती.

बुधवार, ५ मार्च

सोमवारपासून प्रत्यक्ष चाचणी चालू आहे. नियम: जावईबापू सांगतील तेवढंच सामान घेऊन जायचं. दोन दिवस बरे गेले.

आज दुपारी डोळ्यांच्या दवाखान्याची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. आत एक बाई. जावईबापूंचा निर्णय: कोड सतरा, खात्री ९६ टक्के. लंबू फडकं, ब्रश आणि तेल घेऊन गेला. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला, दार हलत नाहीये. मी गेले. मागोमाग बाबा आले, आपली जुनी पिशवी घेऊन. पिशवी नियमात बसत नव्हती.

बाबा वर मशीन रूमकडे गेले. मी खाली दाराशी थांबले. आतून आवाज आला, "बाहेर कोण आहे?"

"मी इंजिनिअर आहे. घाबरू नका."

"घाबरत नाहीये, कंटाळलेय. छत्तीस वर्षं गणित शिकवलं मी, वर्गात मुलंसुद्धा इतकी अडकली नाहीत. नक्की झालंय काय?"

"दाराची खाच तुंबली असावी. आमची सिस्टिम तसं सांगते."

"अगं, ती खाच लख्ख आहे. अर्धा तास मी तिच्याकडेच बघत बसलेय. तुझी सिस्टिम इथे येऊन बघते का?"

"नाही. ती अंदाज करते."

"कशावरून?"

"आधीच्या नोंदींवरून."

"आणि त्या बरोबर आहेत हे तपासलंस?"

मी म्हणाले, "चौऱ्याण्णव टक्के." आतून 'हं' असा आवाज आला. हा आवाज मी शाळेत असतानाही ऐकला आहे.

अडतीस मिनिटांनी दार उघडलं. दार ओढणारा पट्टा झिजून निसटला होता. नवा पट्टा बाबांच्या पिशवीत होता.

हात पुसायला ते पुन्हा वर गेले तेव्हा मीही गेले. तिथे त्यांनी कंट्रोल पॅनेलचं लोखंडी दार उघडलं, कानामागचा मार्कर काढला आणि दाराच्या आतल्या बाजूला लिहिलं: '५ मार्च. दाराचा पट्टा बदलला. आधीचा सात महिने टिकला. बाई चिडलेली पण चांगली.'

सगळं दार भरलेलं होतं. चार-पाच जणांची अक्षरं, तीन रंगांचे मार्कर, अकरा-बारा वर्षं. 'ब्रेक घासतोय, पाव आटा सैल केला.' 'मोटर गरम. पुढच्याने बघा.' 'तिसऱ्या मजल्याचं कुत्रं चावतं, मला चावलं.' '९ ऑगस्ट. पट्टा बदलला.'

९ ऑगस्टची जॉबशीट मी फोनवर काढली. कोड सतरा. दाराची खाच साफ केली.

"बाबा, हे काय आहे?" करार माझ्याकडून मोडला.

"हे होय? कोड सतराला एकच सही लागते, आपली. बाकी कुठलाही कोड टाकला की ग्राहकाची सही, स्टोअरची सही, आणि काढलेला जुना पार्ट प्लास्टिकच्या पिशवीत, चिठ्ठी लावून ऑफिसात जमा. मालकांनी स्वतः बसून तयार केलाय तो फॉर्म. एकदा लंबू काढलेली मोटर पाठीवर घेऊन बसमध्ये चढला होता. त्या दिवसापासून सगळ्यांचं सतरा."

"सगळ्यांचं? अकरा वर्षं?"

"कधीमधी खाचही साफ करतो की."

"मग खरं कुठे लिहिता?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी पॅनेलच्या दाराकडे हात केला. "जिथे लागतं तिथे."

गुरुवार, ६ मार्च

एक प्रयोग केला. जावईबापूंना बाजूला ठेवलं आणि त्यांच्या जागी एका ओळीचा प्रोग्राम लिहिला: काहीही विचारलं तरी 'सतरा' म्हण.

जावईबापू: ९४.० टक्के.
एक ओळ: ९४.१ टक्के.

माझं महिन्याभराचं काम एका ओळीपेक्षा शून्य पूर्णांक एकने कमी आहे. एसीसकट. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही तुलना केली नाही तर त्याला नापास करतात. मी केली नाही, कारण आकडा देखणा होता.

बाबांची सत्तावन्न मिनिटंही समजली. ते ब्रेक बदलत होते.

शनिवार, ८ मार्च

दोन पर्याय आहेत. गप्प बसले, तर एक एप्रिलला सहा माणसं घरी जातील आणि दोनशे बारा लिफ्ट एकच शब्द येणाऱ्या यंत्राच्या भरवशावर राहतील. बोलले, तर नऊच्या नऊ जणांनी अकरा वर्षं खोटे कागद भरले हे मीच पुराव्यासकट सिद्ध करेन. त्यात सर्वांत जुनी सही बाबांची.

बाबांना सांगितलं. करारातलं आता काही शिल्लक नाही.

ते बराच वेळ चहा ढवळत राहिले. ते साखर घेत नाहीत.

"तू चौऱ्याण्णवच राहू दे," म्हणाले. "तुझं प्रोबेशन होऊ दे पक्कं. माझं काय, गुडघे तसेही दुखतात हल्ली."

(गुडघ्यांबद्दल याआधी एकही तक्रार नाही. बुधवारी दवाखान्याचे पाच मजले जिन्याने चढले.)

"आणि लिफ्ट? त्या बाईंसारखं कुणी अडकलं म्हणजे?"

"अडकलं की फोन येईल. फोन आला की तिघं जातील."

"तुम्ही त्या तिघांत नाही."

"यादीत कितवा आहे मी?"

"यादी नाही."

"नववा असणार," बाबा म्हणाले आणि हसले. इतकं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सोमवारपासून पॅनेलच्या दारांचे फोटो काढायचे ठरवलं आहे. निर्णय नाही. फक्त डेटा.

बुधवार, १२ मार्च

तीन दिवसांत एकोणनव्वद दारं. रोज वेगळ्या मेकॅनिकबरोबर जाते. कुणीच नाही म्हटलं नाही, पण प्रत्येक जण मशीन रूममध्ये माझ्या आधी घुसायची घाई करतो. आज कारण कळलं. लंबू पॅनेल उघडून चिंधीला थिनर लावून घासत होता.

"डेटा पुसू नका!" मी ओरडले. दोन मजले खाली ऐकू गेलं असावं.

"मॅडम, हे कामाचं नाही, मालकांच्या नाकाबद्दल आहे."

"नाकासकट राहू द्या."

"चित्र पण आहे."

"चित्र पण."

चित्र प्रमाणबद्ध होतं.

शुक्रवार, २१ मार्च

दोनशे बारा दारं, ४,१०७ नोंदी. सगळ्या टाईप केल्या. तारीख, काम, पार्ट, कोणी केलं. जे कुठेच बसत नाही त्यासाठी 'इतर' असा एक स्तंभ. त्यातल्या काही:

'बारावी ८८ टक्के. मोटर ठीक.' (बाबांचं अक्षर.)
'पोरगी होस्टेलला गेली. ब्रेक बदलला, उगाच दोनदा तपासला.' (बाबांचं अक्षर.)
'इंजिनिअर!!' (बाबांचं अक्षर. काम लिहिलेलं नाही. तारखेवरून जॉबशीट पाहिली, कोड सतरा.)

आईच्या आजारपणाच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये बाबांच्या अक्षरात सहा आठवडे एकही नोंद नाही. जॉबशीटवर मात्र रोज हजर, रोज सही. नाव बाबांचं, पण हात बाबांचा नाही. दारांवरची अक्षरं ताडून पाहिली. चार आठवडे लंबू, दोन आठवडे बाकीचे. ऑफिसातून त्यांना रोज बाबांच्या वाट्याच्या पत्त्यांवर पाठवून ही भानगड झाकणारी व्यक्ती एकच असू शकते, कारण फोन तीच घेते. त्या काळातही आमच्याकडे डबे येत होते, आठवतं. बाईंचा अंदाज इतकी वर्षं चुकतोय.

'इतर' हा स्तंभ मॉडेलला देण्यासारखा नाही. वेगळ्या फाईलमध्ये ठेवला आहे. दोन प्रती.

बाकीच्या नोंदींवर जावईबापूंना पुन्हा शिकवलं. अचूकता: ५८ टक्के. सारखं एकच उत्तर देणाऱ्या ओळीला आता २३ मिळतात. म्हणजे जावईबापूंना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी येतं.

सोमवार, २४ मार्च

मालकांच्या खोलीत मी, मालक, आणि बाबा. बाबांना मी बोलावलं नव्हतं. ते "पंख्याचं बोलायला" आले होते.

मी सांगितलं. सगळं, क्रमाने, सव्वीस मिनिटांत.

मालकांनी आधी आकडाच धरला. "चौऱ्याण्णवचे अठ्ठावन्न केलेस? दोन महिने पगार घेऊन बिघडवलंस?"

"चौऱ्याण्णव नव्हतेच."

"मी ग्राहकांना सांगून बसलोय!" मग त्यांना दुसरा भाग समजला. "म्हणजे हे नऊ जण अकरा वर्षं मला फसवत होते? मास्तर, तुम्हीसुद्धा?"

"हो," बाबा म्हणाले.

"नऊच्या नऊ उद्यापासून घरी!"

फोनबाई दारात उभ्या होत्या. त्या का आल्या होत्या माहीत नाही. हातात काही कागद नव्हता. "बरं," त्या म्हणाल्या, "आणि उद्या सकाळी फोन आला की कुणाला पाठवू? जावईबापूंना रिक्षा करून देऊ?"

मालकांनी कपाट उघडलं. मग माझ्यासमोर दोनशे बारा प्रमाणपत्रांचा गठ्ठा सरकवला. 'लिफ्ट तपासली, सुरक्षित आहे.' आजवर प्रत्येकावर लिफ्ट पाहून आलेल्या मेकॅनिकची सही असते. मालक म्हणाले, इंजिनिअरची सही त्याहून वरची. डब्यांचे आकडे बघून तू सही कर, चौऱ्याण्णवचं आपल्यातच ठेवू, तिघं राहतील, तुझी नोकरी आजच पक्की.

मी म्हणाले, "डब्याला हादरा कळतो. ब्रेक किती झिजलाय ते दिसत नाही. न पाहिलेल्या ब्रेकवर मी सही करणार नाही."

"मग तुझं प्रोबेशन—"

"हो. ते लक्षात घेतलं आहे."

माझा आवाज स्थिर होता. पेनचं टोपण मात्र मी कधीतरी वाकवलं होतं, ते नंतर दिसलं.

बाबा बोलले. विनवणी वगैरे नाही, ते फॉर्मवर बोलले. "साहेब, सगळ्या कामांना एकच सही करा. जुना पार्ट ऑफिसात आणायचा नाही. उद्यापासून तुम्हाला खरं मिळेल."

मालकांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग गठ्ठ्याकडे. शेवटी ठरलं ते असं: फेऱ्या चालू. नऊ जण राहतील. फॉर्म एका सहीचा. माझं प्रोबेशन आणखी सहा महिने. आणि जावईबापूंची खरी अचूकता ऐंशी झाली की सहा जण जातील. "तेव्हा मला कुणी अडवायचं नाही," मालक म्हणाले.

कुणी अडवलं नाही. पंख्याचं राहूनच गेलं.

मंगळवार, १ एप्रिल

मेकॅनिकांच्या खोलीत नवा फॉर्म समजावून सांगितला. नऊ जण खुर्च्यांवर उलटे बसले होते. ऐंशीचं सगळ्यांना माहीत होतं.

लंबू म्हणाला, "म्हणजे बघा हं मॅडम. आम्ही खरं लिहायचं. ते वाचून जावई हुशार होणार. जावई हुशार झाला की आम्ही घरी. आम्हीच शिकवणी घ्यायची, आणि फी म्हणून नोकरी द्यायची."

"बरोबर," मी म्हणाले. यात चूक काढता येत नाही.

"आणि सगळ्यांनी मिळून सतराच भरलं तर?"

"तर तो कधीच शिकणार नाही. आणि डोळ्यांच्या दवाखान्यात पुन्हा फडकं घेऊन जाल."

मला आणखी एक मुद्दा सुचत होता, पण तो मला स्वतःलाही पटत नव्हता, म्हणून मांडला नाही.

बाबांनी गठ्ठ्यातला एक फॉर्म ओढला. "पॅनेलच्या दारावर खरं तेच लिहायचो ना आपण? कुणासाठी? मागून येणाऱ्यासाठी. आता मागून हा येतोय." मग फॉर्म उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, 'इतर'साठी जागा ठेवली नाहीत."

मी म्हणाले, पुढच्या आवृत्तीत ठेवते.

शुक्रवार, ११ एप्रिल

कामाच्या आठ दिवसांत दोनशे चार फॉर्म. पॅनेलच्या दारांशी ताडून पाहिले. सगळे खरे. लंबूने एकावर लिहिलं आहे: 'बिघाड नव्हता. मागच्या वेळी मीच स्क्रू विसरलो होतो.' असा कोड नव्हता, त्याला नवा द्यावा लागला: त्रेचाळीस. दुपारपर्यंत त्रेचाळीसचे आणखी चार आले.

अचूकता: ५९.२.

जेवताना बाबांनी विचारलं, "किती झाले?"

"एकोणसाठ."

"वा. शिकतोय म्हणायचा." ते पाणी प्याले. "ऐंशी कधी होतील मग?"

"इतक्यात सांगता येत नाही."

(येतं. आजच्या वेगाने याच वर्षी ऑक्टोबरचा पहिला आठवडा. तीन वेळा काढलं.)

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मग चष्मा लावून उरलेले दोन फॉर्म भरायला बसले. एका ब्रेकबद्दल चौदा ओळी लिहिल्या. अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढलं होतं, वाचणाऱ्याला अडचण नको म्हणून.